मालेगाव नेमके कोणते?

मालेगाव तालुका वाशीम जिल्ह्यात आहे, नाशिकमध्येही आहे. कारंजा वाशीममध्ये आहे, वर्ध्यातही. घाईत लिहिलेल्या सॉफ्टवेअरने तालुका नुसत्या नावाने ओळखला, की इथला अर्ज तिथल्या यादीत. मग ‘मालेगाव असेल तर जिल्हा तपासा’ असे ठिगळ लागते, कारंजासाठी दुसरे. अशा उरकलेल्या कामाला प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये कर्ज म्हटले. पुढचा प्रत्येक बदल महाग पडतो, ते व्याज. उदाहरणार्थ, १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. जिल्ह्यांची यादी कोडमध्ये दहा जागी लिहिली असेल तर दहाही जागी दुरुस्ती, आणि एखादी राहतेच! त्यापेक्षा यादी एकाच तक्त्यात ठेवा, ओळख क्रमांकाने पटवा. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत हे क्रमांक तयारच आहेत.