गाडीतल्या रेडिओची खरखर

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता शहाडला रेल्वेमार्गावरून उड्डाणपुलाने जातो. या पुलावर गाडीतला रेडिओ मध्यम लहरींवर लावून पाहावा. पूल चढू लागताच निवेदकाचा आवाज खरखरीत बुडू लागतो आणि पूल उतरून थोडे पुढे गेल्यावर तो पुन्हा वर येतो. कारण उघड आहे. पुलाखालच्या तारांत २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. गाडी पुलावर असते तेव्हा या तारा एरियलच्या अगदी जवळ येतात.

परंतु पुष्कळ गाड्यांत खरखर पूल उतरल्यावरही थांबत नाही, म्हारळ मागे पडले तरी ती साथ सोडत नाही. तेव्हा दोष रेल्वेचा नसतो, आपल्याच गाडीचा असतो. तो कसा शोधावा, हा या लेखाचा विषय आहे. विद्यार्थ्यांना तर्कशुद्ध शोध कसा घ्यावा हे दाखवायला याहून स्वस्त उदाहरण क्वचितच मिळेल.

हेन्रिक हर्ट्‌झने १८८७-८८ साली विद्युतचुंबकीय तरंग निर्माण केले ते ठिणगीच्या साह्याने. पेट्रोल इंजिनातला प्रत्येक स्पार्क प्लग म्हणजे हर्ट्‌झचाच एक छोटा प्रक्षेपक होय. ठिणगीतला प्रवाह अतिशय थोड्या काळात वाढतो आणि विझतो. असा धक्का एकाच वारंवारतेचा नसतो, त्यात लहानमोठ्या असंख्य वारंवारता मिसळलेल्या असतात. त्यामुळे रेडिओ कोणत्याही केंद्रावर लावा, ठिणगी तिथे हजर असतेच. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन यांच्या कारखान्याने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला, तेव्हाही त्यांना झगडावे लागले ते मुख्यतः या ठिणग्यांशीच.

आता कान लावून ऐकू या. चार सिलिंडरांच्या चार-धावी इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत नुसते उभे असेल तर सेकंदाला २५ ठिणग्या होतात आणि रेडिओत सुटी टकटक ऐकू येते. तेच ३,००० फेऱ्यांना सेकंदाला १०० होतात आणि टकटकीची घरघर बनते. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर घरघरीचा सूर चढतो-उतरतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात, म्हणून डिझेल जीपमध्ये ही टकटक ऐकू आली तर ती जवळून जाणाऱ्या एखाद्या दुचाकीची असण्याचा संभव अधिक.

दुसरा आवाज शिळेसारखा असतो. तो ऑल्टरनेटरचा. ऑल्टरनेटरमधला तीन कलांचा प्रवाह डायोडमधून एकदिश होतो, पण त्यावर बारीक तरंग शिल्लक राहतात. बारा ध्रुवांच्या ऑल्टरनेटरमध्ये दर फेऱ्याला असे ३६ तरंग उठतात. इंजिनाचे मिनिटाला १,५०० फेरे आणि पट्ट्यामुळे ऑल्टरनेटरचे त्याच्या दुप्पट धरले, तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजेच १,८०० हर्ट्‌झ. सूर इंजिनाबरोबरच चढतो, पण ठिणगीपेक्षा खूप वरच्या पट्टीत. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज जमते.

तिसरा प्रकार गेल्या काही वर्षांत आला आहे आणि माझ्या मते आज सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. मोबाइलचा चार्जर, काचेवर लावलेला कॅमेरा, एलईडी दिवे. यांतील मंडले विद्युतदाब बदलण्यासाठी प्रवाह सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करतात. या आवाजाला इंजिनाच्या वेगाशी काही देणेघेणे नसते. रेडिओचा काटा फिरवत नेला तर तो ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा भेटतो. मेकॅनिकने प्लग बदलले, वायरिंग तपासले, पैसे घेतले, आणि शेवटी दोनशे रुपयांचा चार्जर उपटल्यावर रेडिओ स्वच्छ झाला, असे घडते. म्हणून तपासाची सुरुवात चार्जर काढण्यापासून करावी.

मग गाडी मोकळ्या जागी, रेल्वे आणि विजेच्या तारांपासून दूर उभी करावी. इंजिन बंद ठेवून रेडिओ ऐकावा. खरखर असेल तर ती बाहेरची, किंवा रेडिओचीच. मग पंखा, वायपर, दिवे एकेक करून लावावे. शेवटी इंजिन सुरू करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही पाळावा.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची. इंजिन चालू असताना एरियलची पिन रेडिओतून काढावी. खरखर गेली तर ती एरियलवाटे येत होती. राहिली तर ती विजेच्या तारेवाटे येते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. तारेवाटे येत असेल तर रेडिओच्या दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्याव्या, बॅटरीजवळ फ्यूज घालावा, आणि गरज पडल्यास वेटोळे व धारित्र यांची गाळणी बसवावी. एरियलवाटे येत असेल तर उगमाशीच बंदोबस्त हवा. त्यासाठी सुमारे ५,००० ओहम रोध असलेले प्लग मिळतात. रोध घातल्यावर ठिणगी कशी पडेल, अशी शंका विद्यार्थी घेतात. ठिणगी पडेपर्यंत प्रवाह जवळजवळ नसतोच, त्यामुळे रोधावर दाब खर्च होत नाही. ठिणगी पडल्यावर मात्र १०,००० व्होल्टलाही हा रोध प्रवाह २ अँपिअरवर जाऊ देत नाही. धक्का बोथट होतो आणि इंजिनाचे काम अडत नाही.

बॉनेट बिजागरीवर गंज किंवा रंग असल्याने बॉडीपासून विद्युतदृष्ट्या सुटलेले असते. ते जाड वेणीच्या तारेने बॉडीला जोडले की इंजिनावरचे झाकण खऱ्या अर्थाने कवच बनते. एरियलच्या बुडाशी गंज असेल तर तोही खरवडावा. गाडीची धातूची बॉडी हा एरियलचा दुसरा अर्धा भाग असतो, हे लोक विसरतात. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात या सांध्यात पाणी शिरते. मग खरखर नसतानाही केंद्र क्षीण ऐकू येते आणि दोष रेडिओला दिला जातो.

बोलण्या-ऐकण्याच्या सिटिझन बँड संचाला हे सारे अधिक काटेकोरपणे लागू होते. हा पट्टा २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा. भारतात २००५ सालापासून ५ वॅटपर्यंत त्याला परवाना लागत नाही. तरंगलांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे पाव लांबीचे एरियलही पावणेतीन मीटरचे होते. गाडीवर ते बसत नाही, म्हणून आखूड दांडीला वेटोळे जोडून भागवतात, आणि अशा एरियलला बॉडीशी पक्का सांधा लागतोच. एक सावधगिरी मात्र घ्यावी: या संचाचे एरियल काढलेले असताना बोलण्याचे बटण दाबू नये, प्रक्षेपक जळण्याची भीती असते.

या संचावर स्क्वेल्च नावाचे एक बटण असते. ते पिळले की खरखर थांबते. बहुतेक जण तेवढ्यावर समाधान मानतात आणि तिथेच फसतात. स्क्वेल्च खरखर कमी करत नाही, ठराविक जोरापेक्षा क्षीण असलेले सर्वच दाबून टाकतो. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-उल्हासनगर परिसरात पाणी शिरले, टेलिफोन आणि मोबाइल कोलमडले. अशा रात्री माळशेजच्या बाजूने कोणी मदत मागत असेल, तर त्याचा आवाज क्षीणच येणार. खरखर लपवण्यासाठी बटण पिळलेला संच त्या हाकेला गप्प राहील. खरखर चौथ्या हिश्शाएवढी उरली, तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ते बोलणाऱ्याची शक्ती ५ वॅटवरून २० वॅट केल्यासारखेच आहे. कायद्याने शक्ती वाढवता येत नाही, खरखर मात्र कमी करता येते.

वर्गात प्रयोग करायचा तर एक खिशातला ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचा सेल, थोडी तार आणि कानस पुरते. सेलचे एक टोक कानशीला जोडावे, दुसऱ्या टोकाची तार कानशीच्या दातांवरून ओढावी. क्षणभरच, नाहीतर सेल आणि तार तापतात. मध्यम लहरींवर कर्कश खरखर होते. एफएमवर तीच ठिणगी फारशी जाणवत नाही, कारण एफएममध्ये माहिती आयामात नसून वारंवारतेत असते आणि आयामातले चढउतार संच छाटून टाकतो.

हाच ट्रान्झिस्टर शोधयंत्रही आहे. त्यातली फेराइटची कांडी उगमाच्या दिशेला टोकाने रोखली की आवाज सर्वांत क्षीण होतो. विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी वेगवेगळ्या जागांवरून अशी दिशा कागदावर आखली, तर दोन रेषा खरखरणाऱ्या खांबाजवळ छेदतात. विजेच्या तारांची खरखर सेकंदाला १०० वेळा येते, कारण ५० हर्ट्‌झच्या प्रवाहात दाब दर आवर्तनात दोनदा शिखर गाठतो. ती कोरड्या हवेत जास्त आणि पावसात कमी होत असेल तर कुठेतरी सैल जोड किंवा तडकलेला चिनी मातीचा विद्युतरोधक आहे असे समजावे. पावसात वाढत असेल तर ती तारेभोवतीच्या हवेतील विसर्गाची. पहिल्या प्रकारात खांबाचा क्रमांक लिहून वीज कंपनीच्या कार्यालयात द्यावा. खांबाला हात लावायला मात्र कोणालाही जाऊ देऊ नये.