बुलेटच्या इंजिनाची वरची दुरुस्ती

फटफटी ही आतां शेतकऱ्याच्या घरीं चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बाजार, सोसायटी व दूरचें शेत ह्यांची ये-जा तिजवरच चालते. त्यांतही जुन्या घडणीच्या बुलेटविषयीं लोकांस विशेष आपुलकी आहे. बुलेट हें नांव रॉयल एनफील्ड कंपनीनें इंग्लंडांतील रेडिच येथें १९३२ सालीं प्रथम वापरलें, व १९५५ सालीं मद्रास येथें ह्या गाडीसाठीं कंपनी उभी राहिली. साडेतीनशेच्या जुन्या इंजिनाचें एकुलतें एक सिलिंडर बिडाचें असून त्याचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर व घनफळ ३४६ घनसेंटिमीटर असतें. हें बिडाचें इंजिन कंपनी आतां करीत नाहीं. सबब जें हातीं आहे तें जपणें प्राप्त आहे. परंतु धूर दिसतांच पिस्टन बदलण्याची व सिलिंडर बोअर करण्याची जी घाई होते, तिनें पैसा तर जातोच, शिवाय सिलिंडरचें आयुष्यही विनाकारण कमी होतें. आधीं परीक्षा, मग मोजमाप व शेवटीं दुरुस्ती, हा क्रम वाचकांनीं कधींही सोडूं नये.

धुराची परीक्षा. — निळ्या धुरावरून तेल जळत आहे एवढेंच सिद्ध होतें. तें कोणत्या वाटेनें जळतें हें निराळें शोधावें लागतें. गाडी कित्येक दिवस उभी राहून सुरू करतांच धूर निघाला, व थोडें अंतर गेल्यावर थांबला, तर तो बहुधा रोग नव्हे. ह्या इंजिनांत तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतिवांतच असते. गाडी उभी असतां तींतील तेल हळूहळू क्रँककेसमध्यें झिरपतें व तेंच प्रथम जळून जातें. उतारावर थ्रॉटल मिटून आल्यावर तो पुन्हां उघडतांच धुराचा लोट निघाला, तर व्हाल्वच्या गाइडांचा संशय घ्यावा. इंजिन तापल्यावरही चढावर व ओझ्याखालीं धूर अखंड राहिला, तरच रिंगा व सिलिंडर ह्यांकडे वळावें. क्रँककेसची हवा सोडणारी नळी तुंबली असतांही तेल वर चढतें. ती आधीं साफ करून पाहावी, कारण तिला खर्च कांहींच नाहीं.

किकला दाब लागत नसेल तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल आंत घालून पुन्हां दाब पाहावा. दाब वाढला तर गळती रिंगांवाटे आहे. न वाढला तर ती व्हाल्व, डिकंप्रेसर अथवा हेडची गॅस्केट ह्यांवाटे आहे. डिकंप्रेसरची बैठक गळत असतां पिस्टन बदलणें म्हणजे मोट फाटली असतां बैल बदलण्यासारखें होय.

मोजमाप. — हेड उतरविण्यापूर्वीं पिस्टन दाबाच्या धांवेच्या माथ्यावर आणावा, म्हणजे दोन्ही व्हाल्व मिटलेले राहतात. पुशरॉडांची अदलाबदल होऊं नये म्हणून त्यांस खुणा कराव्या. सिलिंडर वर उचलतांच क्रँककेसच्या तोंडांत स्वच्छ फडकें कोंबावें. आंत पडलेली एक लहानशी क्लिपही सर्व इंजिन खोलावयास लावते.

सिलिंडर सर्वत्र सारखें झिजत नाहीं. माथ्याजवळ उष्णता व दाब अधिक, आणि तेल कमी. यामुळें वरची रिंग जेथें परत फिरते तेथें झीज सर्वांत जास्त होते. तळाशीं रिंगा पोहोंचतच नाहींत, म्हणून तेथील माप मूळचें राहतें. बोअर मोजण्याचें उपकरण नसलें तरी नवी रिंग व फीलर गेज ह्यांनीं काम भागतें. रिंग प्रथम तळाशीं व नंतर झिजलेल्या जागीं पिस्टननें सरळ बसवून तिच्या तोंडांतील फट मोजावी. तळाशीं ०.३० व वर ०.९० मिलिमीटर फट आली, तर अंतर ०.६० झालें, त्यास ३.१४ नें भागिलें असतां व्यासाची झीज सुमारें ०.१९ मिलिमीटर निघते. हें माप कंपनीच्या पुस्तकांतील मर्यादेशीं ताडून मगच निर्णय करावा. झीज मर्यादेंत असेल तर बोअर करूं नये. झीज फार असतां नुसत्या नव्या रिंगा घालणेंही तितकेंच व्यर्थ; वरच्या कांठाशीं राहिलेल्या पायरीवर नवी रिंग आपटून मोडण्याचें भय असतें.

बोअर व जुळणी. — बोअर करणें अवश्यच ठरलें, तर पिस्टन आधीं विकत घ्यावा व त्याच्या मापानें सिलिंडर कापवावें. उलट कधींही करूं नये. वाढीव मापांचे पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनीं मिळतात, व ते टप्पे संपले कीं लायनर बसविण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. बोअर झाल्यावर सिलिंडर गरम पाणी व साबण ह्यांनीं घांसून धुवावें, कारण सहाणेची बारीक पूड केवळ रॉकेलनें निघत नाहीं. पुसून लगेच तेल लावावें, नाहींतर बीड गंजतें.

व्हाल्व पेस्टनें हलके घांसून बसवावे, व पोर्टमध्यें रॉकेल ओतून गळती पाहावी. पिस्टनच्या पिनेच्या क्लिपा नव्याच घालाव्या. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेंत न आणतां वेगवेगळ्या दिशांस ठेवाव्या. हेडचे नट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावे. इंजिन थंड असतां व व्हाल्व मिटलेले असतां पुशरॉड बोटांनीं सहज फिरावे, परंतु वरखालीं हलूं नयेत.

पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत गाडी ओढून नेऊं नये, तिजवर पोतीं लादूं नयेत, व एकाच वेगानें फार वेळ चालवूं नये. त्यानंतर तेल बदलून नट पुन्हां तपासावे.

शेवटीं एक सूचना. जें माप निघालें, जो पिस्टन बसविला व ज्या दिवशीं बसविला, तें सर्व एका वहींत लिहून ठेवावें. पुढील वेळीं धूर दिसला असतां सिलिंडरांत अजून किती बीड शिल्लक आहे हें त्या वहीवरून तत्काळ कळेल, आणि घरधन्यास कोणाच्या अंदाजावर विसंबून पैसा मोजावा लागणार नाहीं.