रिकामी टाकी जास्त धोक्याची

१७ जुलै १९९६ला न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेलं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं बोइंग ७४७ बाराच मिनिटांत हवेत फुटलं. २३० जण गेले. स्फोट झाला तो पोटातल्या मधल्या इंधनाच्या टाकीत, आणि ती जवळजवळ रिकामी होती! गोम इथेच आहे. द्रव इंधन नव्हे, त्याची वाफ हवेत मिसळून पेटते. टाकीखालची वातानुकूलन यंत्रं उड्डाणाआधी तासाहून अधिक चालू होती. तळातलं थोडं इंधन त्यांनी तापवलं. ठिणगी बहुधा तारांच्या शॉर्टसर्किटमधून आली.

ठिणगीची प्रत्येक वाट बुजवणं अशक्य. मग ऑक्सिजनच कमी करायचा. हवेत तो २१ टक्के असतो. टाकीत १२ टक्क्यांखाली आणला की वाफ पेट घेत नाही. त्यासाठी नायट्रोजनचे जड सिलिंडर वाहायची गरज नाही. इंजिनातली दाबाची हवा थंड करून केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंच्या जुडग्यातून सोडतात. ऑक्सिजन तंतूंच्या भिंतींतून चटकन निसटतो, तो बाहेर सोडतात. उरलेली नायट्रोजनबहुल हवा टाकीत जाते. लष्करी विमानांत टाक्यांत नायट्रोजन भरण्याची पद्धत जुनीच. प्रवासी विमानांसाठी अमेरिकेचा नियम मात्र २००८मध्ये आला, अपघातानंतर बारा वर्षांनी.