आठ मिनिटांत गाठायचं यान

मंगळावरचा क्युरिऑसिटी रोव्हर दिवसभर दगड तपासतो, छायाचित्रं काढतो. पण ती सगळी माहिती थेट पृथ्वीकडे धाडण्याची ताकद त्याच्या अँटेनात नाही. म्हणून तो मंगळाभोवती फिरणारं एखादं यान डोक्यावरून जाण्याची वाट पाहतो. यान आलं की जेमतेम आठ मिनिटं हाती असतात. तेवढ्यात १०० ते २५० मेगाबिट माहिती वर चढवायची. हेच २५० मेगाबिट रोव्हरने स्वतः पृथ्वीला पाठवायचे म्हटले, तर २० तासांपर्यंत वेळ लागतो! पुढचं काम यानाच्या मोठ्या अँटेनाचं. पृथ्वीवर गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या तबकड्यांसारख्या अँटेनांपैकी जी त्या वेळी मंगळासमोर असेल, तिच्याकडे ते माहिती सोडतं.

आपल्या फोनमधलं इंटरनेट इथे निरुपयोगी ठरतं. पलीकडून पोच लगेच मिळणार, हे त्याच्या नियमांत गृहीत धरलेलं असतं. मंगळाचा संदेश यायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. यान मंगळाआड गेलं की दुवा तुटतो, आणि सूर्य मधे आला की साधारण दोन आठवडे आदेश पाठवणंच थांबवावं लागतं.

इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ १९९८मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांसह या प्रश्नाला भिडले. त्यातून घडलेल्या पद्धतीत वाटेतलं प्रत्येक यान माहितीचा गठ्ठा स्वतःजवळ सांभाळतं आणि पुढचा दुवा जुळला की रवाना करतं. कोणतं यान कधी कुणाला दिसणार, हे कक्षांच्या गणितावरून आधीच ठाऊक असतं. एसटीचं वेळापत्रक पाहून कुठे गाडी बदलायची ते ठरवावं, तसा मार्ग ठरतो. कधी पहिलं यान सोडून मागून येणारं धरलं, तर माहिती लवकर पोचते. २००८मध्ये डीप इम्पॅक्ट यानावर ही पद्धत तपासली गेली. २०२४मध्ये नासाच्या पेस उपग्रहाने ती रोजच्या कामात आणली.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते परस्परांचे निरोप वाहण्याचं ठरलेलं तंत्र. अंतराळ संस्थांनी १९८२पासून एकत्र बसून संपर्काचे समान नियम बांधले, म्हणूनच युरोपचा ट्रेस गॅस ऑर्बिटर अमेरिकी रोव्हरची माहिती आणू शकतो. कक्षेत जाणाऱ्या प्रत्येक यानावर दुसऱ्यासाठी निरोप्या होण्याची सोय असायलाच हवी.

आपल्याकडे याचं महत्त्व चांद्रयानाने दाखवलं. २०१९मध्ये चांद्रयान-२चा विक्रम लँडर चंद्रावर कोसळला आणि सगळी हळहळ त्याच्याभोवतीच राहिली. चंद्राभोवती फिरणारा ऑर्बिटर मात्र शाबूत होता. २०२३मध्ये चांद्रयान-३चा प्रज्ञान रोव्हर फक्त नव्या विक्रमशी बोलत होता, विक्रम बंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या अँटेनाशी, आणि अडचण आलीच तर पर्यायी दुवा म्हणून तोच जुना ऑर्बिटर तयार होता. उतरण्याच्या दोन दिवस आधी, २१ ऑगस्टला, नवा विक्रम आणि जुना ऑर्बिटर यांचा संपर्क जुळला. चांद्रयान-३सोबत नवा ऑर्बिटर पाठवावा लागला नाही.