नव्या मोटारीचा रंग आणि विकतचे कवच



लोखंडाला रंग का द्यावा, हा प्रश्न कोयलीच्या रहिवाशाला पडत नाही. बडोद्याजवळच्या या गावी सोव्हिएत सहकार्याने उभारलेली तेलशुद्धीकरणशाळा १९६५ साली सुरू झाली. तेथील प्रचंड टाक्यांना दिलेला रंग शोभेसाठी नसतो. हवा, पाणी आणि लोखंड यांची गाठ पडू नये, म्हणून तो असतो. तात्पर्य, रंग हेच मुळात कवच आहे. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर नवी मोटार घेताना पुढे येणाऱ्या एका प्रश्नाचे अर्धे उत्तर आपोआप मिळते.

तो प्रश्न असा. गाडीची किंमत ठरते, कर्जाचे कागद तयार होतात, घरची मंडळी पेढे घेऊन आलेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी विक्रेत्याचा माणूस नम्रपणे विचारतो, "साहेब, रंगाच्या संरक्षणासाठी कोटिंग करून घ्यायचे ना?" गाडीच्या मूळ किमतीत विक्रेत्याला फारसा वाव नसतो, असल्या जोडवस्तूंत तो असतो. आयुष्यातली पहिली गाडी घेणारा नोकरदार माणूस अशा मंगल क्षणी 'नको' म्हणायला संकोचतो. म्हणून याचा विचार दुकानात जाण्यापूर्वी घरीच केलेला बरा.

प्रथम कारखान्यात काय होते ते पाहू. गाडीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग संपूर्ण सांगाडा प्राथमिक रंगाच्या हौदात बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. त्यामुळे रंग सांध्याकोपऱ्यांतही जाऊन बसतो. तो भट्टीत भाजला जातो. त्यावर रंगाचे थर चढतात आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' हे पारदर्शक रोगण येते. या साऱ्या थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडी अधिक भरते. उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्येही त्या रोगणातच मिसळलेली असतात.

पूर्वी असे नव्हते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' नावाचा मोटाररंग काढला. आपल्याकडे गॅरेजवाल्यांच्या आणि सुतारांच्या तोंडी तो शब्द अजून आहे. त्या काळच्या रंगांवर पारदर्शक रोगण नसे. उन्हाने ते फिके पडत, त्यांवर भुकटी धरे, आणि मेण चोळून त्यांची चकाकी राखावी लागे. अँबॅसेडर आणि फियाट यांच्या जमान्यातील मालकांची ती सवय योग्यच होती. रंग बदलला, सवय मात्र राहिली, आणि तिच्यावर व्यापार उभा राहिला.

आता विकल्या जाणाऱ्या कवचांचे तीन प्रकार पाहू.

पहिला 'टेफ्लॉन कोटिंग'. टेफ्लॉनचा शोध १९३८ साली रॉय प्लंकेट यांना ड्यूपाँटच्याच प्रयोगशाळेत लागला. हा पदार्थ सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळतो, आणि तव्यावर बसविण्यासाठी त्याला तशीच कडक भट्टी लागते. तेवढ्या उष्णतेत मोटारीचा रंगच जळून जाईल. तेव्हा दुकानाच्या आवारात तासाभरात चोळून दिलेले 'टेफ्लॉन' तव्यावरच्या थरासारखे पक्के बसणे शक्य नाही. ते बहुधा मेणाचे वा तत्सम पॉलिश असते. चकाकी येते, पाणी घरंगळते. पण काही महिन्यांच्या धुण्यात ते निघून जाते. याला मोठी किंमत मोजू नये.

दुसरा 'सिरॅमिक कोटिंग'. सिलिकायुक्त द्रवाचा हा अतिशय पातळ थर असून तो नीट लावला तर दीर्घकाळ टिकतो, आणि गाडी धुणे सोपे होते. मात्र '९ एच कठीणपणा' या शब्दाला भुलू नये. शाळेतल्या चित्रकलेच्या पेटीत एच आणि बी अशा खुणांच्या पेन्सिली असतात. त्यांपैकी ९ एच पेन्सिलीनेही ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, आणि ते पेन्सिलीच्या शिशापेक्षा पुष्कळच कठीण असतात. उडालेला खडा हा थर अडवू शकत नाही. शिवाय लावण्याआधी रंग अगदी स्वच्छ करावा लागतो आणि लावल्यावर थर वाळायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. सकाळी पैसे भरून संध्याकाळी गाडी हाती पडत असेल, तर ही कामे केव्हा झाली, हे विचारावे.

तिसरा प्रकार 'पेंट प्रोटेक्शन फिल्म'. ही पॉलियुरेथेनची पारदर्शक पातळ चादर असते, आणि बहुधा गाडीच्या सगळ्या रंगाहून ती जाड असते. खड्यांचा मार खरोखर सोसणारे कवच हेच. संपूर्ण गाडीला ते लावणे फार खर्चाचे आहे. पण ज्याला महामार्गावरून नित्य जावे लागते, त्याने पुढच्या भागापुरते जाणत्या कारागिराकडून लावून घेतले, तर पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही.

आता थोडे गणित. समजा, कोटिंगचे १५,००० रुपये गाडीच्या कर्जातच मिळविले, व्याजाचा दर ९ टक्के आणि मुदत ५ वर्षे. महिन्याला सुमारे ३११ रुपये, म्हणून कोणाला जड वाटत नाही. पण एकूण भरणा सुमारे १८,६८० रुपये होतो. वस्तू वर्षभरात धुऊन जावी आणि तिचे हप्ते आणखी चार वर्षे फेडावेत, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

"कोटिंग घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही," असे कोणी म्हणाल्यास घाबरू नये. एका वस्तूसाठी दुसरी घेण्याची सक्ती करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. आणि कोटिंग घ्यायचेच ठरविले, तर पदार्थाचे नाव, हमीची मुदत आणि ती कोणत्या कारणाने रद्द होते, हे सारे लेखी मागावे.

मग रंग राखावा कसा? रंगाचा मोठा शत्रू म्हणजे रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची आपली रीत. त्या फडक्याखाली धूळ काचकागदासारखी फिरते आणि रोगणावर जाळीदार ओरखडे उमटतात. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मऊ ओल्या कापडाने धुवावे. कपड्यांची साबणपूड वापरू नये. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे डाग धरतात, आणि ते कोटिंग केलेल्या गाडीवरही धरतात. म्हणून सावलीत धुऊन लगेच टिपावे. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. वैशाखाच्या उन्हात ती रोगण खाते. ती खरवडू नये. भिजवून त्याच दिवशी काढावी. वर्षातून दोनतीनदा साधे मेण लावले, तर उत्तमच. वसई, अलिबाग, रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी वरच्या चकाकीपेक्षा गाडीच्या पोटाकडे अधिक पाहावे; गंज लपूनछपून तेथेच सुरू होतो.

दुकानदाराला विनयाने 'नको' म्हणावे आणि वाचलेल्या पैशांतून गाडीवर पत्र्याची वा ताडपत्रीची सावली करावी. कारखान्याने दिलेल्या कवचाला दुसऱ्या कवचाची क्वचितच गरज असते. रोजच्या हाताळणीत थोडा विवेक असला, म्हणजे ते पुष्कळ वर्षे पुरते.