टायरचे दुकान पारखून निवडा

पेणहून वडखळ, नागोठणे आणि पुढे भिसे खिंडीतून रोह्याला माल नेणाऱ्या छोट्या टेम्पोचा सगळा भार चार टायरांवर असतो. टायर फुटला तर मालाचे नुकसान होतेच, माणसाच्या जिवालाही धोका असतो. म्हणून दुकान निवडताना नुसता भाव विचारून चालत नाही.

कापड घेताना आपण पन्ना मोजतो, किनार पाहतो. टायरचीही बाजू तशीच वाचावी. तिथे 'डॉट' या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला माल. हे आकडे स्वतःहून दाखवणारा दुकानदार भरवशाचा समजावा. चारचाकीच्या टायरच्या चरांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. ती न तपासताच "बदलून टाका" म्हणणाऱ्याकडे घाई करू नये.

भाव दोन-तीन दुकानांत काढावा, पण टायर, ट्यूब, फिटिंग, बॅलन्सिंग आणि जुन्या टायरची वजावट असा एकूण हिशेब विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. बिल पक्केच घ्यावे. तक्रारीच्या वेळी तेच कामी येते.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. ती टायरवाल्याला आहे, तशीच आपल्या मीटरपट्टीलाही आहे. माल खरा दाखवून रास्त नफा घेणारा दुकानदार कोणत्याही समाजाचा असो, चार गिऱ्हाइके त्याच्याकडे आवर्जून पाठवावीत.