टॅग खरा म्हणून माल खरा?

भिवंडीतली गोदामे वाढली ती मुंबईच्या जकातीमुळे. नाक्याच्या अलीकडे माल उतरवायचा आणि खप होईल तसा शहरात न्यायचा, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. पण माणकोली, काल्हेर, पूर्णा भागातले गाळे ओस पडले नाहीत, उलट मोठे झाले. मुंबईकरांच्या घरी पोहोचणारे कितीतरी सामान आज इथून निघते. म्हणूनच बनावट माल अडवायचा तर तो गोदामाच्या दारातच अडवला पाहिजे.

त्यासाठी रेडिओ लहरींवर चालणारा आरएफआयडी टॅग वापरता येतो. नाशिक महामार्गावरच्या ट्रकच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. जेएनपीटी बंदरातून जाणाऱ्या कंटेनरवरही २०१६ पासून असे टॅग लागतात आणि वाटेतल्या टोलनाक्यांवर वाचले जातात.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. असते ती कणाएवढी चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ अँटेना. टॅग वाचणारे यंत्र, म्हणजे रीडर, लहरी सोडतो. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला आहे. त्या लहरींतूनच चिपला काही मायक्रोवॉट वीज मिळते. ती जागी होते आणि लहरी कमी-जास्त परावर्तित करून आपला क्रमांक कळवते. आरशाने उन्हाचा कवडसा हलवून खूण करावी तशी. परावर्तित लहरींवर संदेश पाठवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. बारकोडसाठी एकेक खोका समोर धरावा लागतो. इथे रीडर सेकंदाला शेकडो टॅग वाचू शकतो. सगळे टॅग एकदम बोलू नयेत म्हणून प्रत्येक टॅग मनाने एक आकडा निवडतो आणि त्याची पाळी आली की उत्तर देतो.

यंत्रमागांच्या भिवंडीला एक गोष्ट सोयीची आहे. कापडाच्या गठ्ठ्यातून या लहरी सहज आरपार जातात. पाणी मात्र त्या शोषून घेते आणि धातू परतवतो, त्यामुळे शाम्पूच्या बाटल्या आणि तेलाचे डबे वाचताना रीडर चुकतो. तिथे टॅग वेगळा घ्यावा लागतो किंवा त्याची जागा बदलावी लागते.

खरी अडचण पुढे आहे. टॅग सांगतो तो स्वतःचा क्रमांक. खोक्यात काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. साधा क्रमांक कोऱ्या टॅगवर उतरवणे अवघड नाही. काही महागड्या चिपांत गुप्त किल्ली असते. रीडर दर वेळी नवा प्रश्न टाकतो आणि किल्लीशिवाय बरोबर उत्तर देता येत नाही. तरीही अस्सल बाटलीवरचा टॅग सोलून बनावट बाटलीवर चिकटवला तर ही हुशारी वाया जाते. म्हणून काढताच फाटणारे टॅग बनवतात.

माझ्या मते महाग चिपपेक्षा नोंदींवर खर्च व्हायला हवा. एकच क्रमांक सकाळी भिवंडीत आणि तासाभराने नागपुरात वाचला गेला, तर त्यातला एक नक्कीच खोटा. पण हे कळायला कारखाना, वाहतूकदार आणि गोदाम यांच्या नोंदी एकमेकांशी जुळलेल्या हव्यात. आपापले हिशेब झाकून ठेवणाऱ्यांना टॅगचा अर्धाच फायदा मिळतो.

ही तपासणी ग्राहकावर ढकलता येत नाही. आपल्या मोबाइलमधली टॅग वाचण्याची सोय, एनएफसी, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते. गोदामातले हे टॅग सहसा तिला वाचता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक झाला, हे चांगलेच झाले; पण छापलेल्या कोडची छायाप्रत कुणीही काढू शकतो.

गोदामात सर्वात जास्त लक्ष हवे ते परतीच्या मालाकडे. ऑनलाइन मागवलेली अस्सल वस्तू ठेवून घेऊन त्याच खोक्यात नकली भरून परत पाठवली, तर ती पुन्हा विक्रीच्या फळीवर चढू शकते. टॅग खोक्यावर न लावता वस्तूवरच लावला आणि परत येताना जावकेच्या नोंदीशी ताडून पाहिला, तर ही अदलाबदल तिथल्या तिथे पकडता येते.